बेंबीखालचा ठोका

सदऱ्याचं बटण

पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे असं ज्याला नुकतंच कळलंय, त्यानं मोबाईल बाजूला ठेवावा आणि आधी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही. पण हा आजार मी आधी कागदावर पाहिला आणि मग स्वतःच्या पोटात पाहिला. कागदावर तो सोपा होता.

सुरुवात एका बटणापासून झाली. उन्हाळा लागला होता. हुलसूरला त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लाईट गेली म्हणून लॅपटॉप मिटून मी खाटेवर उताणा पडलो होतो. पंखा थांबलेला, घरात कसलाच आवाज नाही. सहज नजर पोटाकडं गेली. सदऱ्याचं बेंबीवरचं बटण वर-खाली होत होतं. श्वासानं होत असेल म्हणून मी श्वास रोखला. बटण थांबलं नाही. मी वीसपर्यंत मोजलं, छाती फुटायची वेळ आली, तरी ते आपलं एका लयीत वर जातंय आणि खाली येतंय. आतून कुणी बोटानं दार वाजवावं तसं. घाई नाही, राग नाही.

मी सदरा ओढून कुशीवर वळलो. एकावन्नाव्या वर्षी माणूस स्वतःच्या पोटाला घाबरला, हे सांगणार कुणाला?

संशयाला कोड नाही

वीस वर्षं मी हैदराबादला मेडिकल कोडिंगच्या कंपनीत होतो. कोरोनात गावी आलो तो इथंच राहिलो, घरून काम करतो. काम असं: अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद संगणकावर येतात. डॉक्टरनं काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला अक्षर-आकड्यांचा कोड द्यायचा. आता मी कोड देत नाही, इतरांनी दिलेले तपासतो. म्हणजे चुका काढणं हा माझा धंदा आहे. माझी बायको सुवर्णा म्हणते, धंदा नंतरचा, स्वभाव आधीचा.

ह्या धंद्यात दोन नियम पहिल्या आठवड्यात शिकवतात. एक, जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही. रुग्ण ओरडून सांगत असेल, पण डॉक्टरनं लिहिलं नसेल तर कोडरसाठी ते नाही. दोन, नुसता तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाच्या कागदात 'संशय आहे', 'असू शकेल' असं असेल तर त्याला कोड द्यायचा नाही. पक्कं निदान आणा, मग बोला.

महाधमनीच्या फुग्यांना, म्हणजे अॅन्युरिझमना, आय अक्षराखाली एकाहत्तर नंबर आहे. पोटातला, मूत्रपिंडांच्या खालचा, न फुटलेला असेल तर टिंबानंतर चार-तीन. तोच फुटलेला असेल तर तीन-तीन. मधे एका आकड्याचा फरक.

बटणाचा प्रकार झाला त्याच आठवड्यात असा एक कागद माझ्यापुढं आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, महिनाभर पाठदुखी, पोटात ठोके देणारी गाठ. नाव आम्हाला दिसत नाही. आमच्यातल्या एका मुलीनं चार-तीन दिला होता. फुटल्याचं शेवटच्या पानावर लिहिलं होतं आणि तिनं ते पान उघडलंच नव्हतं. मी चार खोडून तीन केला आणि शेरा मारला, 'शेवटचं पान वाचत जा.' तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात केव्हापासून सदऱ्याच्या आत, बेंबीवर आहे.

माझीही पाठ महिनाभर दुखत होती. तरी मी आणखी तीन आठवडे गेलो नाही. संशयाला कोड नाही, असं स्वतःला बजावत राहिलो. डॉक्टरकडं गेलोच नाही तर डॉक्टर लिहिणार कुठून, आणि लिहिलं नाही तर ते नाहीच. स्वतःला फसवायला नियमासारखं दुसरं साधन नाही. हे वाचणाऱ्यानं ते तीन आठवडे माझ्या नावावर लिहून ठेवावेत आणि स्वतः तसं करू नये.

आत्यानं हात काढून घेतला

आमच्याकडं पोट दुखो, पाठ दुखो, अन्न गोड लागेना, पहिलं निदान एकच. बेंबी सरकली. आणि ती बसवणारी आमच्याच घरात. माझी शेवंता आत्या, वडिलांची धाकटी बहीण. विधवा होऊन तरुणपणी माहेरी आली ती कायमची. आता पंच्याहत्तरी उलटली. कुणाच्याही घरचं लेकरू रडायला लागलं की आणून हिच्यापुढं झोपवतात. उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीवर तीन बोटं ठेवून ठोका बघायचा. ठोका मधोमध नसला तर तेल लावून अंगठ्यानं दाबत दाबत जागेवर आणायचा, मग बेंबीवर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घालायचा. तांब्या पोटाला घट्ट धरतो आणि सुटला की माणूस उठून गूळ खातो. लहानपणी मीही तो गूळ खाल्लाय.

सुवर्णानं माझं वाकून चालणं पाहिलं आणि एका सकाळी चहाऐवजी मला आत्यापुढं उभं केलं.

"कवापास्नं दुखायलंय?" आत्यानं विचारलं.

"दोन महिने झाले असतील."

"आन् आज सांगायलास व्हय दत्तू. सिग्रेटी वडायला येळ हुता."

मी आडवा झालो. तिनं तेलाची वाटी जवळ ओढली, तीन बोटं ठेवली आणि नेहमीसारखी जांभई दिली. जांभई अर्ध्यात थांबली. बोटं बेंबीच्या वर सरकली, मग डावीकडं, मग उजवीकडं. ठोका कुठं आहे ते ती शोधत नव्हती. तो कुठं संपतो ते शोधत होती.

मग तिनं हात काढून घेतला.

"उट. कापडं घाल."

"बसली का?"

"सरकलीच न्हाई तर बसंल काय. दवाखान्यात जा."

"कामून? काय लागलं हाताला?"

"कामून म्हनून इचारू नको. आजच जा."

तिनं पदराला हात पुसला. पुन्हा पुसला. मग परसात जाऊन मातीनं घासून धुतला. तेलाची वाटी संध्याकाळपर्यंत तिथंच पडून होती, तिला मुंग्या लागल्या. जन्मात हिनं कुणाला दवाखान्यात धाडलं नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही बाई. त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडं बघेना. बघायची ती पोटाकडं.

हळू उठा

बिदरला मला मल्लू घेऊन गेला. मल्लिनाथ, माझा पाच वर्षांनी लहान भाऊ. शेती तो बघतो. अंगानं काडी, कानावर विडी, आणि तुरीचं पोतं उशीसारखं उचलतो. वाटभर मला चिडवत होता. "अण्णा, पोट सुटलंय तुजं, दुसरं काई न्हाई. बसून बसून."

सोनोग्राफीवाला डॉक्टर पोटावर गार जेल लावून यंत्र फिरवत मदतनिसाशी कानडीत उन्हाबद्दल बोलत होता. वाक्य मधेच तुटलं. खोलीत फक्त यंत्राची घरघर राहिली. पडदा माझ्या बाजूला थोडा वळलेला होता. तो टाईप करत गेला तसे शब्द मी वाचत गेलो. पुढचा शब्द तो लिहायच्या आधीच मला माहीत होता. हजारदा वाचलेलं वाक्य, आणि ह्या वेळी वर नाव दिसत होतं. माझं.

सहा पॉइंट आठ सेंटीमीटर.

"हळू उठा काका," डॉक्टर म्हणाला, "अजिबात घाई करू नका." त्या 'हळू'नं मी टेबलाची कड धरली. आकड्यानं धरली नव्हती.

दुसऱ्या खोलीत मोठ्या डॉक्टरांनी समजावलं. हृदयातून निघालेली मुख्य नळी पाठीच्या कण्यासमोरून खाली येते आणि बेंबीच्या पातळीवर दोन पायांसाठी दोन होते. त्या नळीची भिंत एका जागी कमजोर झाली आहे. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो ना, तसं. हवा भरत राहिली की फुगा वाढतो. ऑपरेशन लवकर करायला हवं, कलबुर्गीला. मी मान हलवत होतो आणि डोक्यात एकच, चार-तीन, चार-तीन. माझं सगळं आयुष्य त्या चारवर उभं होतं.

"घरात कुणाला होतं का असं?"

"नाही," मी म्हणालो. "वडील हार्ट अटॅकनं गेले."

"मोठाप्पा बी," मल्लू म्हणाला. "खुरपता खुरपता पडले. हार्टच."

मोठाप्पा म्हणजे आमचे थोरले चुलते. डॉक्टरांनी लिहिलं, घरात कुणाला नाही. ते काय लिहितात ते मी टेबलावर वाकून वाचलं. सवय. चूक काढण्यासारखं काही सापडलं नाही. वीस वर्षांत एवढी मोठी चूक मी कधी पास केली नव्हती.

नऊ दिवस

ऑपरेशनची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. तोवर रक्तदाबाच्या गोळ्या, जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, रागवायचं नाही. सिगारेट त्याच दिवशी सुटली. त्याचं कौतुक नको, भीतीनं सुटली.

ह्या नऊ दिवसांबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगतो. दुखण्यापेक्षा शांतता जास्त खाते. सुवर्णानं कुकर लावणं बंद केलं, शिट्टीनं मी दचकेन म्हणून. फाटकाला चिंधी बांधली. माझ्याशी कुणी भांडेना. मी मुद्दाम आमटीला नावं ठेवली तरी ती "बरं" म्हणाली, तेव्हा मला खरी भीती वाटली. मी शिंकलो की घरातली माणसं जागच्या जागी थांबत, मी पुढचं वाक्य बोलेपर्यंत. मग पुन्हा हलत.

गावात कुजबुज सुरू झाली. पोटात आपोआप ठोके पडतात म्हणजे भानामती. भावकीतल्या कुणीतरी केलं असणार, एकानं तर नावही सुचवलं. मी हसलो. पण दुपारी एकटा पडलो की हसू जायचं. खाटेच्या लोखंडातून ठोका ऐकू यायचा. पाण्याचा पेला पोटावर ठेवून पाहिला, पाण्यावर एकामागून एक कडी उठत होती. माझ्या आत माझ्याहून वेगळं कुणीतरी जागं आहे आणि त्याला माझी काही पडलेली नाही, असं वाटायचं. शिकलेला माणूस आहे, असं वाटायला नको होतं. वाटायचं.

आणि आत्या. ती समोरच्या भिंतीला टेकून बसायची, खाटेपासून चार हात लांब. मला शिवायची नाही. पण तिची उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हळूहळू पडत असायची. एकदा मी सहज आपल्या मनगटाची नाडी धरली. तिची बोटं आणि माझी नाडी एकदम पडत होती. मी उठून बसलो, नाडी वाढली. तिची बोटंही वाढली.

"आत्या, काय करायलीस?"

"मोजायलेय."

"तिथून कसं कळतंय तुला?"

"सदऱ्यातून दिसायलंय," ती म्हणाली. "थांबलं की मला आदी कळायला पायजे."

एकाला लावला, एकाला न्हाई

कलबुर्गीला निघायच्या आदल्या दुपारी ती पहिल्यांदा खाटेजवळ आली आणि खाली बसली. सुवर्णा पिशव्या भरत होती, तिलाही तिनं बसवलं.

"तुझ्या मोठाप्पाच्या पोटात ह्येच हुतं," आत्या म्हणाली. "शंकरच्या. माजा हात तवा नवा हुता. मला वाटलं वायगोळा हाय. तेल लावून दाबलं. बरं वाटतंय म्हनला, गूळ खाल्ला. दुसऱ्या दिशी रानात खुरपता खुरपता गेला."

सुवर्णाचा हात पिशवीत तसाच राहिला.

"मंग तुझा बाप. लई वर्सांनी. असाच पाट धरून आला. बोटं ठिवली आन् मला कळलं, त्येच हाय. ह्या बारीला न्हाई दाबलं. पर सांगू कुनाला? सांगितलं तर म्हनतील, हिच्याच हातानं भाऊ मरतेत. मी म्हनलं, बसली बग काशिनाथ, जा. चवथ्या दिशी हाटेलात च्या पिता पिता गेला."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"एकाला हात लावला म्हनून गेला. एकाला न्हाई लावला म्हनून गेला. मी काय करायला पायजे हुतं, तू सांग. तू शिकल्याला हाईस."

मला राग आला. खोटं कशाला लिहू. वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्यांना निदान एकदा मोठ्या दवाखान्यात नेता आलं असतं. माझ्या जिभेवर ते आलं होतं, आणि त्याच वेळी बेंबीखाली ठोके जोरानं पडायला लागले. आत्याच्या मांडीवरची बोटंही जोरानं पडायला लागली. मग मला ते तीन आठवडे आठवले. तिला भीती होती म्हणून तिनं तोंड मिटलं. मला भीती होती म्हणून मी नियम सांगत बसलो. माझ्याकडं तर कोडचं पुस्तकसुद्धा होतं.

"मला म्हाईत न्हाई आत्या," मी म्हणालो. "पर माझ्या बारीला तू बोललीस."

संध्याकाळी तिच्या हातची भाकरी मी पोटभर खाल्ली, तेवढंच मला देता आलं.

पायावरच्या फुल्या

भरती करताना कलबुर्गीच्या डॉक्टरबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. घरात कुणाला?

"बिदरच्या कागदावर चुकीचं लिहिलंय," मी म्हणालो. "वडील आणि चुलते, दोघांना होतं."

"निदान कुणी केलं होतं?"

"माझ्या आत्यानं. बोटांनी. माझंही आधी तिनंच केलं."

बाईंनी पेन थांबवलं. मला वाटलं, हसणार. त्यांनी विचारलं, "तिनं तुमचं पोट दाबलं?" मी नाही म्हणालो. "शहाणी आहे," त्या हिंदीत म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. मग मल्लूकडं पाहून म्हणाल्या, "हा सख्खा भाऊ? ह्याचीही सोनोग्राफी करा." मल्लूनं कानावरची विडी काढून खिशात घातली आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, मी झोपलेलो होतो. पोट उघडून फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवतात. जाग आली तेव्हा घशात नळी, नाकात नळी, आणि पायाशी एक सिस्टर. ती माझ्या पावलांवर तीन बोटं ठेवून डोळे मिटून उभी होती. दर तासाला येऊन पायातला ठोका शोधायचा, रक्त नव्या नळीतून खाली पोचतंय का बघायचं. ठोका लगेच सापडावा म्हणून दोन्ही पावलांवर पेनानं फुल्या मारलेल्या होत्या. मला तिच्या जागी आत्याच दिसत होती.

गुंगीत आणखीही दिसलं. दुसऱ्या दिवशी भर उजेडात, खाटेच्या पायथ्याशी वडील उभे होते. धोतर, कोपरी, आणि डावा हात पाठीवर, शेवटच्या दिवसांत ते धरायचे तसा. बोलत नव्हते. एवढा वेळ उभे आहेत ह्याचंच मला वाईट वाटत होतं. घशातली नळी निघाली होती, म्हणून मी सिस्टरला म्हणालो, अप्पांना खुर्ची द्या. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही, मला समजावत बसली नाही. कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली, पायथ्याशी ठेवली आणि रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "कुंदर्री अप्पाजी." बसा म्हणाली. वडील बसले. मला झोप लागली.

गुंगीत असं दिसतं, आपण वेडे झालेलो नसतो, हे घरच्यांनी आधीच जाणून असावं. सुवर्णाला कुणी सांगितलं नव्हतं. ती बाहेर येऊन रडली.

दहाव्या दिवशी सोडलं. येताना कमलापूरला मल्लूनं गाडी थांबवून तांबडी केळी घेतली. अर्धं केळं मी सावकाश खाल्लं. इतकं गोड काही त्यानंतर खाल्लेलं नाही.

घरी आत्यानं आधी जखम बघितली. छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत सरळ टाके, आणि मधे बेंबीला वळसा घातलेला. डॉक्टर तसाच घालतात.

"बेंबीला हात न्हाई लावला त्येनं," ती म्हणाली. मग विचारलं, "आत काय घातलंय?"

"कापडाची नळी."

"कापडाची? मंग आटायची न्हाई का?"

मी हसलो, टाके दुखले. तिची बोटं मात्र आता मांडीवर पडत नव्हती.

मी हाय

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सडपातळ माणसाला बेंबीपाशी ठोका लागतोच, प्रत्येक ठोका म्हणजे आजार नव्हे. पण वय पन्नाशीच्या पुढं असेल, विडी-सिगारेट असेल, घरातलं कुणी पाठ किंवा पोट धरून अचानक गेलं असेल, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. तोवर पोटाला तेल लावून कुणाला दाबू देऊ नका.

हे मी मल्लूला रोज सांगत होतो. तो रोज 'व्हय' म्हणायचा. आधी पेरणी होऊ दे, मग खुरपणी होऊ दे. एकदा चिडून म्हणाला, "अण्णा, बगितलं की निगंल. न्हाई बगितलं तर न्हाई." माझाच नियम, माझ्याच भावाच्या तोंडी.

आत्यानं माझ्यानंतर कुणाच्या पोटाला हात लावला नव्हता. दारात लेकरं घेऊन आलेल्या बायांना ती परत पाठवायची. एका सकाळी मल्लू पायरीवर बसला होता. आत्या आतून सतरंजी घेऊन आली आणि तिनं ती अंथरली.

"मल्लू, झोप."

"आत्या, मला काई झालं न्हाई."

"झोप म्हनायलेय न."

का कोण जाणे, तो झोपला. सदरा वर केला. तिनं तेलाची वाटी घेतली नव्हती. तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. आत सुवर्णानं गॅस बंद केला. बोटं वर गेली, मग डावीकडं, मग उजवीकडं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मल्लूही बघत होता.

ह्या वेळी तिनं हात काढला नाही. सगळा पंजा उघडून त्याच्या पोटावर तसाच ठेवला.

"हाय," ती म्हणाली. "दत्तूएवढं न्हाई. पर हाय. उट, कापडं घाल. मी बी येते."

पुढचं आधीच सांगून टाकतो. मल्लूचा फुगा साडेचार सेंटीमीटर निघाला. इतक्यात ऑपरेशन नको, विडी बंद, दर सहा महिन्यांनी बघायचं. तो अजून तुरीची पोती उचलायला जातो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो.

पण त्या दिवशी बिदरला, सोनोग्राफीच्या आधी, टेबलामागची बाई फॉर्म भरत होती. नाव, वय, तक्रार. मग ती म्हणाली, घरात आणखी कुणाला हा आजार? मल्लूनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या दोन्ही हात टेबलावर टेकून पुढं झाली.

"हाय. लिव. शंकर, माजा थोरला भाऊ. काशिनाथ, माजा मदला भाऊ. आन् ह्यो दत्तू."

"आजी, पहिल्या दोघांचे रिपोर्ट आहेत का?"

"रिपोट न्हाई," आत्या म्हणाली. "मी हाय."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं लिहिलं.

"काय लिवलंस ते वाचून दाव."

बाईनं दोन्ही भावांची नावं मोठ्यानं वाचली. आत्यानं ती ऐकली, मग बाकावर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले.